पेरू: कोल्हापूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हातकणंगले तालुक्यात माझी २८ गुंठे पेरूची बाग आहे. थंडी सुरू झाली की फोन वाढतात. निम्मे फोन खाणाऱ्यांचे असतात, निम्मे लावणाऱ्यांचे, आणि अधूनमधून एखाद्या शिक्षकांचा किंवा कॉलेजातल्या मुलीचा, ज्यांना पेरूचा इतिहास हवा असतो. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. आजाराबद्दल जे लिहिलंय ते सर्वमान्य तेवढंच आहे. औषधं चालू असतील तर तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दावर.

१. पेरू हे नाव पेरू देशावरून पडलं का?

नाही. फळाचं नाव पोर्तुगीज ‘पेरा’ या शब्दावरून आलं, असं मानतात. पेरा म्हणजे नासपती. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्या काळात अमेरिकेतली कितीतरी झाडं त्यांच्या जहाजांतून आपल्याकडे उतरली: मिरची, काजू, अननस, पपई, आणि हे फळ. आकार नासपतीसारखा, म्हणून नावही तेच चिकटलं. उत्तरेत याला अमरूद म्हणतात, आणि फारसीत अमरूद म्हणजेही नासपतीच! एक नाव समुद्रावरून आलं, दुसरं खैबरखिंडीच्या बाजूनं, आणि दोघांनीही या बिचाऱ्या फळाला नासपतीचंच नाव दिलं.

गोव्यातल्या कोकणीत ‘पेर’, चिकोडी-बेळगावकडच्या कन्नडमध्ये ‘पेरल’, आणि आपल्याकडे पेरू. घाट चढताना शब्दाला काय झालं ते या तीन नावांत दिसतं. झाडाचं मूळ घर मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागापर्यंत. उसाचं पेर मात्र आपलं जुनं, त्याचा याच्याशी संबंध नाही.

२. नागपूरचे पाहुणे पेरूला जांब म्हणतात. ते वेगळं फळ आहे का?

तेच फळ. विदर्भ-मराठवाड्यात जांब किंवा जाम म्हणतात. घोटाळा होतो तो मुंबई-कोकणात, कारण तिथे जाम म्हणजे पांढरं-गुलाबी, पाणीदार, घंटेसारखं फळ. दोन्ही झाडं एकाच कुळातली. जांभूळ, लवंग आणि निलगिरीही त्याच घरातल्या. पेरूचं पान चुरगाळून नाकाशी धरा, त्या कुळाचा वास लगेच कळतो.

३. गाड्यावरून पेरू घेताना चांगला कसा ओळखायचा?

आधी नाकाला विचारा, मग डोळ्यांना. फळ हातात घेऊन देठाच्या विरुद्ध टोकाशी, जिथे वाळलेल्या फुलाचा मुकुट असतो तिथे हुंगा. वास आला पाहिजे. गडद हिरवा रंग उतरून फिकट पोपटी झालेला, अंगठ्यानं दाबल्यावर किंचित नमणारा पेरू त्याच दिवशी खायला. पूर्ण पिवळा आणि मऊ झालेला कोशिंबिरीला. गडद हिरवा आणि दगडासारखा असेल तर तो तोडायची घाई झाली आहे. घरी मऊ होईल, पण झाडावरची गोडी त्याला यायची नाही.

आकाराला भुलू नका. अर्धा किलोचा चकचकीत पेरू दिसायला छान, पण माझ्या जिभेला मुठीएवढा सरदार जातीचा पेरू त्याच्यापेक्षा कितीतरी सरस लागतो. सालीवरचे वरवरचे तपकिरी ओरखडे हे बहुधा फांदीला घासून आलेले असतात, त्यांनी चव बिघडत नाही. सुईनं टोचल्यासारखा बारीक ठिपका आणि भोवती मऊ डाग असेल तर मात्र तो बाजूला ठेवा. का, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

४. पावसाळ्यातला पेरू पांचट आणि थंडीतला गोड, असं का?

झाड तेच, फक्त फळ वाढतं त्या दिवसांचं हवामान वेगळं. पेरूला आपल्या हवेत वर्षातून तीनदा फूल येऊ शकतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो तो आंबे बहार, त्याची फळं पावसाळ्यात निघतात. जून-जुलैचा मृग बहार, फळं नोव्हेंबर ते जानेवारीत. ऑक्टोबरचा हस्त बहार, फळं उन्हाळ्याच्या तोंडाशी. पावसाळ्यात ऊन कमी, जमिनीत पाणी जास्त, त्यामुळे फळ भराभर फुगतं, साखर पातळ होते आणि फळमाशीही त्याच दिवसांत जोरात असते. मृग बहाराचं फळ कोरड्या, स्वच्छ उन्हात आणि थंड रात्रींत सावकाश भरतं. गोडी, वास, टिकाऊपणा आणि जीवनसत्त्व, सगळंच त्यात सरस. म्हणून मी माझ्या बागेत फक्त मृग बहार धरतो, आणि ऑगस्टमध्ये कुणी पेरू मागितला तर थांबा म्हणतो.

५. कोल्हापुरात पेरूला तिखट-मीठच का लावतात?

रंकाळ्यावर संध्याकाळी उभं राहून बघा. गाडीवाला पेरू डाव्या तळहातावर धरतो, सुरीनं वरून चार चिरा देतो, पण बुडाशी अर्धा इंच सोडतो. फळ कमळासारखं उघडतं, सुटत नाही. मग बोटानं त्या फटींत तिखट-मीठ भरतो, आणि एखादा जाणता गाडीवाला कांदा-लसूण चटणीही. पेरूत आंबटपणा कमी आणि तुरटपणा असतो. मीठ तो तुरटपणा दाबतं आणि गोडी पुढे आणतं. म्हणून अर्धकच्च्या पेरूला मीठ हवंच, पूर्ण पिकलेल्याला नको. मिरची आणि पेरू दोघेही त्याच वाटेनं अमेरिकेतून आलेले (प्रश्न १), आणि आज ते आपल्या तळहातावर एकत्र येतात, हे मला फार आवडतं. रक्तदाब असणाऱ्यांनी मीठ सांभाळून.

६. पेरूच्या बिया पोटात गेल्या तर अपेंडिक्स होतं का?

ही भीती लहानपणी सगळ्यांनाच घातलेली असते. पण पेरू खाल्ल्यानं अपेंडिक्सचा आजार होतो असं मानायला आधार नाही. कोट्यवधी लोक बियांसकट पेरू खातात, बिया पचत नाहीत आणि तशाच बाहेर पडतात. मात्र कडक बिया दाताखाली जोरात चावू नका, भरलेला किंवा किडका दात त्यानं तुटू शकतो. लहान मुलांना आणि कवळी असलेल्या आजी-आजोबांना मधला गर काढून फोडी द्या. मूळव्याधीचा त्रास चालू असतानाही मधला भाग टाळलेला बरा.

७. पेरूत संत्र्यापेक्षा जास्त व्हिटॅमिन सी असतं, हे खरं का?

खरं आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या पुढे क जीवनसत्त्व असतं, संत्र्यात सुमारे ५० मिलिग्रॅम. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागतं. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू दिवसाची गरज भागवतो. जातीनुसार, मोसमानुसार आकडा खालीवर होतो. आवळा पेरूच्याही पुढे आहे, पण आवळा कुणी फळ म्हणून पोटभर खात नाही.

साल काढू नका, हे जीवनसत्त्व सालीत आणि तिच्या लगतच्या गरात जास्त असतं. चिरून ठेवलेल्या फोडींत आणि शिजवलेल्या पेरूत ते कमी होत जातं. याशिवाय १०० ग्रॅममागे ५ ग्रॅमच्या आसपास तंतू, ४०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम आणि ऊर्जा जेमतेम ७० कॅलरी. आतून गुलाबी असलेल्या पेरूत लायकोपीन असतं, टोमॅटोला लाल करणारं तेच द्रव्य.

आमच्याकडच्या बायकांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. भाजी-भाकरीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत होते. बाजरीची भाकरी आणि मेथीच्या भाजीबरोबर पेरूच्या दोन फोडी खा. जेवणावर लगेच चहा घेतला तर मात्र उलट होतं, चहा लोहाची वाट अडवतो. ऊसतोडीला आलेल्या बायकांचे फिकट चेहरे बघितले की वाटतं, बांधावर एक पेरूचं झाड यांच्यासाठीही हवं.

८. शुगर असलेल्यांनी पेरू खावा का?

मध्यम पेरू, अख्खा, चावून, सालीसकट, जेवणाच्या अधेमधे: बहुतेकांना चालतो. तंतू भरपूर असल्यानं साखर रक्तात हळू चढते. पेरूचा रस, बाटलीतलं पेय, जेली आणि साखर घातलेला पल्प चालत नाही. खाल्ल्यावर दोन तासांनी मीटरवर एकदा साखर तपासून बघा, तुमचं शरीर तुम्हाला खरं सांगेल. मूत्रपिंडाचा आजार असेल आणि पोटॅशियमवर बंधन घातलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.

९. पेरूनं सर्दी होते का? पेरूवर पाणी पिऊ नये म्हणतात ते?

सर्दी विषाणूनं होते, पेरूनं नाही. थंडीत पेरू येतो आणि थंडीतच सर्दी पसरते, म्हणून दोघांची गाठ मारली गेली. घसा आधीच दुखत असेल तर तिखट-मीठ लावलेला, अर्धकच्चा, फ्रिजमधला पेरू त्याला खरवडतो, त्या दिवसांत नको. पाण्याचं म्हणाल तर पोटभर पेरू आणि वर तांब्याभर पाणी यानं पोट फुगल्यासारखं होतं. थोडं पाणी प्यायला हरकत नाही.

१०. पेरूनं पोट साफ होतं की बांधतं?

दोन्ही, पिकण्यावर अवलंबून. पिकलेला पेरू तंतूमुळे पोट साफ करतो, कच्च्यातले तुरट घटक पोट बांधतात. कोवळी पानं उकळून त्या पाण्यानं चूळ भरणं, हगवणीत त्याचा काढा देणं हा जुना घरगुती उपाय त्याच तुरटपणावर चालतो. तोंड आलं तर चूळ जरूर भरा. पण लहान मुलाला जुलाब होत असतील तर काढ्यात वेळ घालवू नका, ओआरएस पाजा आणि दवाखाना गाठा.

११. आमच्या भागात पेरू येईल का? जमीन कशी लागते?

जिल्हा एक, पण हवा किती वेगळी. गगनबावड्याला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस, तर शिरोळला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पेरू काटक आहे. हलक्या मुरमाड माळापासून मध्यम काळ्या जमिनीपर्यंत तो येतो, थोडा खारेपणाही सोसतो. तरी उत्तम बाग होते ती हातकणंगले, शिरोळ, कागल, गडहिंग्लजच्या मध्यम, निचरा होणाऱ्या जमिनीत. पश्चिमेकडे शाहूवाडी, राधानगरी, गगनबावड्यात झाड जगतं, पण पावसात पानावर-फळावर डाग आणि देवी रोग (फळावर खरबरीत खपल्या धरतात तो) त्रास देतात. तिथे घरापुरती चार झाडं लावा, व्यापारी बागेचं मी सुचवणार नाही.

शिरोळकडच्या क्षारपड जमिनीवर पेरू हा उपाय आहे का, असं बरेच जण विचारतात. आधी निचरा, मग पेरू. पांढरं फुटलेल्या आणि पाणी धरून ठेवणाऱ्या रानात कोणतंही कलम लावून पैसे घालवू नका.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत पेरूच्या कलमांचा समावेश आहे. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो. खड्डे काढण्याआधी तालुका कृषी कार्यालयात अटी समजून घ्या, मागाहून नाही.

१२. जात कोणती लावू? अंतर किती?

सरदार, म्हणजेच लखनौ-४९, आपल्या मातीतली खात्रीची जात. पुण्याच्या गणेशखिंड फळसंशोधन केंद्रात लखनौकडच्या बियांपासून वाढवलेल्या रोपांतून ती निवडली गेली. पसरट झाड, गर पांढरा, बिया मध्यम, वास भरपूर. गुलाबी गराची हवी तर लखनौच्या संस्थेची ललित किंवा बेंगळुरूची अर्का किरण, दोन्ही प्रक्रियेलाही चांगल्या. तैवान पिंक लवकर फळं देतो आणि दिसतो छान. व्हीएनआर बिही मोठ्या फळाचा, मोठ्या शहरात भाव घेणारा, पण त्याला फळांवर पिशव्या, मजूर आणि रोजचं लक्ष लागतं. कोल्हापूरच्या बाजारासाठी मी सरदारच लावेन, कारण इथलं गिऱ्हाईक पेरू हुंगून घेतं.

जुन्या पद्धतीत ६ × ६ मीटर, एकरी सुमारे ११० झाडं. ३ × २ मीटरवर सुमारे ६७५. २ × १ मीटरच्या अतिघन बागेत २,००० च्या पुढे. झाडं जितकी दाट तितकी छाटणी नेमानं करावी लागते. वर्षातून दोन-तीनदा छाटणी जमणार नसेल तर अतिघनच्या वाटेला जाऊ नका, तिसऱ्या वर्षी आत सूर्य शिरत नाही. माझी बाग ४ × ३ मीटरवर आहे. बैल आत जात नाही, पॉवर टिलर जातो.

बियांपासूनचं रोप चार-पाच वर्षं घेतं आणि आईसारखं निघेलच असं नाही. गुटी कलम (फांदीलाच मुळं फोडून केलेलं) किंवा पाचर कलम (रोपावर चांगल्या झाडाची काडी बसवून केलेलं) घ्या. पहिल्या वर्षी फळं दिसली तर मन घट्ट करून खुडून टाका.

१३. पेरूत अळी कशी शिरते? बाहेरून तर फळ चांगलं दिसतं.

अळी बाहेरून शिरत नाही, अंड्यातून आतच जन्मते. फळाचा गडद रंग उतरायला लागला की फळमाशीची मादी सालीला टोचून आत अंडी घालते. तो सुईएवढा ठिपका हीच खूण. अळ्या गर खातात, फळ गळून पडतं, अळ्या मातीत उतरून कोष करतात, आणि नव्या माश्या वर येतात. म्हणून सगळ्यात मोठं औषध म्हणजे गळलेली फळं रोज वेचणं आणि दोन फूट खोल पुरणं. बांधावर टाकलेली फळं म्हणजे माशीची रोपवाटिका.

मिथाइल युजेनॉलचे सापळे एकरी चार-पाच लावा. पण एक लक्षात घ्या, त्यात फक्त नर येतात. एकट्यानं सापळा लावून शेजारच्या बागेतली मादी थांबत नाही, गल्लीनं मिळून लावले तरच गुण येतो. खात्रीचा उपाय म्हणजे फळ लिंबाएवढं झालं की फोमची जाळी आणि वर पिशवी. पिशवीला खाली भोकं हवीत, नाहीतर आत घाम साचतो आणि पिठ्या ढेकूण घर करतो.

चुकून अळी खाल्ली तर? घाबरू नका, बहुधा काहीच होत नाही. उरलेला पेरू टाकून द्या.

१४. मृग बहारासाठी ताण कसा द्यायचा? आमचा ताण बसतच नाही.

मार्चपासून पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत दीड महिना, काळ्या जमिनीत दोन महिने किंवा जास्त. पानं पिवळी होऊन निम्मी गळली की ताण बसला. मेच्या मध्यानंतर हलकी छाटणी, बुंध्याभोवती खांदणी, मग खत आणि पाणी. पेरूला फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून छाटणीशिवाय बहार अर्धा. ६ × ६ मीटरच्या पूर्ण वाढलेल्या झाडाला २० ते २५ किलो शेणखत, ९०० ग्रॅम नत्र, ३०० ग्रॅम स्फुरद आणि ३०० ग्रॅम पालाश. निम्मं नत्र बहार धरताना, उरलेलं फळधारणेनंतर. दाट बागेत झाड लहान असतं, तिथे हा आकडा तसाच घालू नका, माती तपासून कमी करा.

आता कोल्हापूरची अडचण. आपल्या बागेला तिन्ही बाजूंनी ऊस असतो. शेजाऱ्यानं एप्रिलमध्ये पाटपाणी सोडलं की पाझर आपल्या मुळांशी येतो आणि झाड हिरवंगार राहतं. मला पहिली दोन वर्षं हेच कळेना. ठिबक बंद, तरी पानं हलेनात. मग उसाच्या बाजूच्या बांधालगत तीन फूट खोल चर मारला आणि तिसऱ्या वर्षी ताण बसला. चर शक्य नसेल तर ताणाचा नाद सोडा, मेच्या अखेरीस शेंड्यांची छाटणी करा आणि तोवर आलेली आंबे बहाराची फुलं-फळं काढून टाका. बहार अगदी एकदम येत नाही, पण येतो.

१५. झाड वरून पिवळं पडतंय, खत दिलं तरी सुधारत नाही. काय करू?

मुळं बघा. हे उत्तर मी अनुभवानं देतोय. सहा वर्षांपूर्वी एका रोपवाटिकेतून स्वस्तात मिळाली म्हणून ऐंशी कलमं आणली. दोन वर्षं छान वाढली. तिसऱ्या वर्षी एका कोपऱ्यातल्या अकरा झाडांची पानं तांबूस-पिवळी होऊन वाळू लागली. मी आधी लोह कमी म्हणालो, मग पाणी जास्त म्हणालो, फवारण्या केल्या. शेवटी एक झाड उपटलं. बारीक मुळांवर गाठीच गाठी, जणू कुणी मण्यांच्या माळा ओवून ठेवल्यात. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारी, डोळ्यांना न दिसणारी बारीक अळी! ती माझ्या मातीत नव्हती, पिशवीतल्या मातीतून आली होती.

सूत्रकृमी मुळाला जखमा करते आणि त्या जखमांतून मर रोगाची बुरशी शिरते. दोघी मिळून झाड मारतात. गेलेलं झाड परत येत नाही. ते मुळांसकट काढून जाळा, त्या खड्ड्यात लगेच पेरू लावू नका, आणि त्या झाडाखालची माती फावड्याला, टिलरला लागून दुसरीकडे जाऊ देऊ नका. आजूबाजूच्या झाडांना निंबोळी पेंड आणि शेणखतात वाढवलेली ट्रायकोडर्मा, पॅसिलोमायसिस ही उपयोगी बुरशी द्या. मध्ये झेंडू लावतात, जरूर लावा, पण एकट्या झेंडूवर भिस्त नको. मुळांचा आणि मातीचा नमुना कृषी महाविद्यालयात किंवा कणेरी, तळसंदे यांपैकी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

आणि रोपं घेताना एक पिशवी फाडून मुळं बघायचा हट्ट धरा. फाडू देत नसेल तर दुसरीकडे जा.

१६. शेंडे वाकडे होतायत, पानं चिंचोळी, पण मुळं चांगली आहेत.

शेजारच्या उसात दहा-पंधरा दिवसांपूर्वी तणनाशक मारलं होतं का, ते विचारा. लावणीच्या उसात रुंद पानांच्या तणांसाठी २,४-डी मारतात. ऊस गवतवर्गीय म्हणून तरतो, पेरू रुंद पानांचा म्हणून वाऱ्यानं आलेला तुषारही त्याला बाधतो. झाड मरत नाही. नवी फूट सरळ येते, तोवर पाणी नियमित द्या आणि वाकडे शेंडे छाटा. पुढच्या वेळी शेजाऱ्याला सकाळी वारा पडलेला असताना मारायला सांगा. भांडून नाही, पेरूची करंडी देऊन. मला त्याचा उपयोग झाला. पाचट जाळण्याबद्दलही आधीच बोलून ठेवा, बांधालगतची ओळ दरवर्षी होरपळते.

१७. पुराचं पाणी बागेत आलं होतं. झाडं वाचतील का?

२००५, २०१९, २०२१: पंचगंगा-कृष्णाकाठच्या माणसाला ही सालं पाठ आहेत. मोठी पेरूची झाडं काही दिवस पाण्यात तग धरतात, नवी लागवड बहुधा जाते. पाणी ओसरलं की घाई करून खत टाकू नका. आधी चर काढून साचलेलं पाणी बाहेर काढा, खोडाभोवतीचा गाळ हातभर अंतरापर्यंत दूर करा, पानांवरचा चिखल स्वच्छ पाण्यानं धुवा. वाफसा आल्यावर हलकी खांदणी, मग बुरशीनाशकाची आळवणी. त्या वर्षी मृग बहाराची आशा सोडा आणि झाड जगवा.

१८. दारातल्या झाडाला फुलं येतात पण फळ धरत नाही.

बहुतेकदा सावली. घर दुमजली झालं आणि झाड अंधारात गेलं, ही उपनगरातली नेहमीची कहाणी. पेरूला सहा-सात तास थेट ऊन हवं. दुसरं कारण, सांडपाणी आणि शेणखत यांचा मारा: पानं लुसलुशीत, फळ नाही. तिसरं, फुलोऱ्यात पाण्याची ओढ. मधमाशा येतात का तेही बघा. एका झाडालाही फळ धरतं, जोडीला दुसरं लागत नाही. गच्चीवर मोठ्या पिंपात गुटी कलम छान फळतं, दरवर्षी छाटलं तर.

मुलांना या झाडावर चढू द्या, एवढी माझी विनंती. पेरूची फांदी लवते, शेवग्यासारखी तडकन मोडत नाही. बेचकीचा दुबेळकाही पेरूचाच चांगला.

१९. घरी जेली केली, पण ती घट्ट झाली नाही.

पेरू फार पिकलेले घेतले असणार. जेली घट्ट होते ती पेक्टिनमुळे, आणि ते अर्धकच्च्या फळात जास्त. तीन भाग अर्धकच्चे, एक भाग पिकलेले वासासाठी. फोडी बुडतील एवढ्या पाण्यात अर्धा तास शिजवा, फडक्यात बांधून रात्रभर टांगा. पिळू नका, पिळलं की गढूळ होते. जेवढा रस, त्याच्या पाऊणपट ते तेवढीच साखर, वाटीला अर्ध्या लिंबाचा रस. चमच्यावरून थेंब न पडता पापुद्रा लोंबला की उतरवा. फडक्यात उरलेला चोथा चाळणीतून काढून साखरेबरोबर आटवला की वड्या होतात. गोव्यातले ख्रिस्ती लोक नाताळात असंच ‘पेराद’ करतात. पिकलेले पेरू उरले असतील तर गूळ, मिरची, जिरं घालून भाजी करा किंवा दह्यात कोशिंबीर.

२०. ज्ञानेश्वरीत किंवा संस्कृत काव्यात पेरू आहे का? साहित्यात याला स्थान का नाही?

ज्ञानेश्वरी १२९० ची. तेव्हा पेरू समुद्रापलीकडे होता. कालिदासाच्या आंब्या-जांभळांत तो सापडायचा नाही तो याच कारणानं, आणि जुन्या ओव्या-म्हणींतून उंबर, बोर, आंबा भेटतात, पेरू क्वचित. संस्कृतात त्याला बहुबीज म्हटलं जातं ते मागाहून. स्थान नाही असं मात्र नाही, ते उशिरा मिळालं आणि बालपणातून मिळालं. पोपटाला पेरूची फोड, शाळेच्या तक्त्यावर ‘पे’ पुढे पेरू, आणि मराठी आठवणींच्या लेखनात वारंवार येणारी, दुपारच्या वेळी परक्याच्या परड्यात शिरून केलेली चोरी.

उर्दूत अकबर इलाहाबादी यांनी एका शेरात म्हटलंय की अलाहाबादेत अकबर आणि अमरूद याशिवाय आहे काय. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्या १९८२ मधल्या दीर्घ मुलाखतीच्या पुस्तकाचं नावच पेरूच्या वासावर आहे. पेरूच्या मायदेशाजवळच्या या लेखकाला आपलं सगळं गाव त्या वासात आठवावं, यात मला नवल वाटत नाही. किरण देसाई यांच्या १९९८ च्या पहिल्या कादंबरीचा नायक नोकरीला आणि घराला कंटाळून पेरूच्या झाडावर जाऊन बसतो. आंब्यावर बसला असता तर लोकांना तो दिसलाही नसता. पेरूचं झाड बुटकं, विरळ, खालून हाक मारली तर ऐकू जाणारं. लेखिकेनं झाड नेमकं निवडलंय.

२१. परदेशातून आलेलं फळ पूजेला, उपासाला चालतं का?

चालतं. गणपतीपुढच्या पाच फळांत केळी, सीताफळाशेजारी पेरू असतोच, आणि सीताफळही अमेरिकेतूनच आलेलं. उपासाच्या साबुदाण्याचं, बटाट्याचं आणि रताळ्याचं मूळही तिकडचंच. माझी आई संकष्टीला पेरू खायची, मीठ न लावता, कारण उपासाला सैंधव हवं आणि ते घरात नसायचं. गणपतीच्या दिवसांत पावसाळी पेरूच मिळतो, तेव्हा देवापुढे ठेवण्याआधी ठिपका तेवढा बघून घ्या (प्रश्न १३).